मातृभाषेचा रकाना

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेचे गुरुजी आमच्या गावी आले तेव्हा मी घरीच होतो. आई अंगणात तूर पाखडत होती. गुरुजी शेजारच्या गावचे, ओळखीचे. खाटेवर बसले, पाणी प्यायले, मांडीवर तो लांबरुंद अर्ज पसरला आणि एकेक विचारत गेले. नाव, वय, लग्न कितव्या वर्षी झालं, मुलं किती. गुरुजी अहिराणीत विचारत होते, आई अहिराणीत सांगत होती. मधेच तुरीच्या भावाचाही विषय निघाला, तोही अहिराणीतच. मग भाषेचा रकाना आला.

"माय, घरमा कोनती भाषा बोलतस?"

आईनं सूप खाली ठेवलं. "मराठीच लिखी ल्या, भाऊ."

गुरुजींनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही वाटलं नाही. रात्री जेवताना ते सहज आठवलं म्हणून मी आईला विचारलं, मराठी का सांगितलंस? तिनं माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं. "आपली काय लिखानी भाषा शे का?"

लिहायची भाषा आहे का आपली, असं विचारत होती ती. त्या वाक्यात ना राग होता ना खंत. धुळे जिल्ह्यातल्या एका शेतकरी बाईला आयुष्यानं जे शिकवलं, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. बोलायची भाषा आपली आणि लिहायची त्यांची. सरकार अर्ज घेऊन दारात आलं की त्यांची सांगायची.

आता पुन्हा जनगणना होते आहे. 2021 ला व्हायची ती रखडली. तिची अधिसूचना 16 जून 2025 ला निघाली आणि संदर्भ दिनांक ठरला 1 मार्च 2027. जातीची नोंद होणार म्हणून सगळीकडे चर्चा आहे आणि ती व्हायलाच हवी. भाषेच्या रकान्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्यांच्या आईनं त्यांना अहिराणीत वाढवलं, त्यांनी तिथं अहिराणी लिहावी. मालवणीत वाढलेल्यांनी मालवणी लिहावी, सातपुड्यातल्या पावरीत वाढलेल्यांनी पावरी. आणि असं लिहिताना आपण मराठीशी बेईमानी करतो आहोत, असं कुणालाही वाटू नये.

जनगणनेची मातृभाषेची व्याख्या फार सुरेख आहे. माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलली, ती त्याची मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल तर बालपणी घरात जी मुख्यतः बोलली जात होती ती. शाळेत कोणती शिकलात, पेपर कोणता वाचता, सही कशात करता, यातलं काहीही विचारलेलं नाही. सांगितलेलं नाव प्रगणकानं तसंच लिहायचं, ती भाषा की बोली यावर वाद घालायचा नाही, अशीही सूचना असते. शिवाय मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवायची सोय 2011 च्या अर्जात होती. म्हणजे माझ्या आईला अहिराणी, मराठी आणि मोडकी का होईना हिंदी, तिन्ही सांगता आल्या असत्या. कुठलीही एक निवडून दुसरी टाकून द्यायची वेळ त्या अर्जानं तिच्यावर आणलीच नव्हती. ती तिची तिनं आणली.

का आणली, हे आकड्यांत दिसतं. जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' या गटात मोजली जाते. 1991 मध्ये या गटाची नोंद 9 लाख 73 हजारांच्या घरात होती. 2001 मध्ये ती 20 लाख 75 हजारांवर गेली आणि 2011 मध्ये 18 लाख 60 हजारांवर उतरली. दहा वर्षांत दुपटीहून जास्त आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी कमी! लोकसंख्या अशी वाढत-घटत नसते. मुलांशी त्यांच्या आया कोणत्या भाषेत बोलतात, तेही दर दहा वर्षांनी असं उलटसुलट होत नसतं. बदलत असतं ते दारात आलेल्या माणसाला दिलेलं उत्तर. अहिराणी किती जण बोलतात हे त्या आकड्यात नाही. अहिराणी बोलतो असं सांगायला किती जण तयार झाले, एवढंच त्यात आहे.

धुळे, नंदुरबार, जळगावचा पश्चिम भाग, नाशिकमधलं बागलाण, मालेगाव, कळवण असा हा पट्टा. बाजारात, एसटीत, लग्नात, मयतीत सगळीकडे अहिराणी. अठरा लाखांत हा पट्टा मावत नाही, हे इथल्या कुठल्याही बसस्थानकावर तासभर उभं राहिलं तरी कळतं. उरलेल्यांनी मराठी लिहिलं. माझ्या आईसारखंच.

ही लाज पोटातून येत नाही, ती लावली जाते. मला ती पाचवीत लागली. गावची शाळा चौथीपर्यंत होती, म्हणून पुढं तालुक्याला गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं आणि मी म्हणालो, "सर, माले माहीत नही." वर्ग हसला. सरही हसले. "काय, काय? पुन्हा सांग." मी पुन्हा तेच म्हणालो, कारण त्यात चुकलं काय ते मला कळलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी हसू मोठं आलं. पुढं निबंधाच्या वहीत 'डोया', 'केये', 'फया' अशा शब्दांखाली लाल रेघा येत गेल्या. अहिराणीत ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, केळ्याचं केये. हा नियम आहे. मी तो चार वर्षांचा असल्यापासून बिनचूक पाळत होतो. ते सर स्वतः घरी बायकोशी अहिराणीत बोलायचे, हे मला पुढं समजलं. पोरा, तू म्हणतोस तेही बरोबर आहे, पुस्तकात मात्र ळ लिहितात, एवढंच ते म्हणाले असते तरी मी दोन्ही शिकलो असतो. त्याऐवजी मी आठवीपर्यंत वर्गात गप्प राहायला शिकलो. त्या सरांवर आज माझा राग नाही. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार.

यात सगळ्यात खोल जातं ते 'अशुद्ध' हे विशेषण. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही असं म्हणतात, अहिराणी बोलणाऱ्याला मात्र मराठी अशुद्ध आहे असं म्हणतात. म्हणजे त्याला दुसरी भाषा येते हे गणतीतच नाही, त्याला आपलीच भाषा धड येत नाही असा निकाल. ज्या व्याकरणात 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'घराचा, घराची, घराचं' याला 'घरना, घरनी, घरनं' म्हणतात, 'घरात'ला 'घरमा' म्हणतात, ते व्याकरण मराठीच्या शेजारी आणि गुजरातीच्याही शेजारी, आपल्या पायावर उभं आहे. ग्रियर्सन या अभ्यासकानं भारतातल्या भाषांच्या पाहणीच्या 1907 च्या खंडात खान्देशीला भिली भाषांच्या सोबत बसवलं. पुढच्या अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही आणि तो वाद त्यांनी जरूर घालावा. कुटुंब कोणतंही ठरलं तरी 'शे' ही 'आहे'ची चूक ठरत नाही.

नात्यांतून माणूस स्वतःला कसा पाहतो, याचा अनुभव खान्देशी माणसाइतका क्वचितच कुणाला येत असेल. गावात असताना मला मी अमुक आळीचा, अमुक भाऊबंदांतला वाटायचो. पुण्याला वसतिगृहात गेलो आणि एका दिवसात 'खान्देशी' झालो. त्याआधी तो शब्द मी स्वतःसाठी कधी वापरलाच नव्हता. "अरे, मग तुमची ती बहिणाबाईंची भाषा ना?" असं कौतुकानं विचारायचे. बहिणाबाई असोद्याच्या, जळगावजवळच्या. त्यांची बोली लेवा गणबोली, माझी अहिराणी. दोन्हींत फरक आहे, पण तो समजावून सांगायचा धीर तेव्हा नव्हता आणि निदान एक मोठं नाव आपल्या बाजूला लावलं जातंय याचा आनंदही होता. मग सुट्टीत सुरतेला मामांकडे गेलो. उधना, लिंबायतला आमची कितीतरी माणसं आहेत, मागावर आणि कापड बाजारात पिढ्या गेल्या. तिथं मी 'मराठी' होतो, नुसता मराठी, आणि ते म्हणताना मामांची छाती फुगायची. तेच मामा मागावर शेजारच्याशी अहिराणीत बोलत होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवायला सुरतेहून, पुण्याहून, कुठून कुठून माणसं गावी येतात, रोटाला भाऊबंद एकत्र जेवतात, तेव्हा मात्र मराठी की अहिराणी हा प्रश्न कुणाच्या मनाला शिवत नाही. मामा एकाच वेळी सगळंच होते. त्यांना त्याचा त्रास नव्हता. त्रास होतो तो कुणीतरी येऊन यातलं एकच सांगा म्हणतं, किंवा तसं म्हणेल असं आपल्याला वाटतं, तेव्हा.

या मागणीवर पहिला आक्षेप येतो तो संख्येचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. 2001 मध्ये तेलुगू बोलणारे मराठीपेक्षा जास्त होते. 2011 मध्ये 8 कोटी 30 लाखांची नोंद घेऊन मराठी देशात तिसरी झाली, तेलुगू 8 कोटी 11 लाखांवर राहिली. हा फरक थोडा आहे. आणि मराठी माणसानं मातृभाषेच्या आकड्यांसाठी खरोखर किंमत मोजलेली आहे. भाषावार राज्य ज्या आकड्यांवर मागितलं, ते याच रकान्यातून आले होते. बेळगावचा दावा आजही त्याच आकड्यांवर मांडला जातो. खुद्द आमच्या पश्चिम खान्देशातली काही गावं 1960 मध्ये गुजरातेत गेली. आज गुजरातेत असलेला डांग कोणाचा, यावर दोन्ही बाजूंनी डांगी आमचीच बोली असं हिरिरीनं सांगितलं गेलं. हा सगळा इतिहास असलेल्या माणसाला बोली वेगळ्या लिहिल्या की मराठीला गळती लागेल अशी धास्ती वाटली, तर मला ती समजते.

पण मग हिंदीचं उदाहरण घ्यावं लागेल. 2011 मध्ये हिंदीची संख्या 52 कोटी 83 लाख आली. तिच्यात भोजपुरीचे 5 कोटी आहेत, राजस्थानीचे अडीच कोटींहून जास्त आहेत, छत्तीसगढीचे दीड कोटींहून जास्त आहेत. ज्यांनी आपली मातृभाषा हिंदी असं सांगितलं, ते 32 कोटींच्या आसपास. हे आकडे मराठी माणसं किती आवेशानं सांगतात ते मी ऐकलं आहे. बघा, इतर भाषा पोटात घालून हिंदी मोठी झाली, असं आपण म्हणतो. बरोबरच म्हणतो. मग अहिराणी पोटात घालून मोठी झालेली मराठी आपल्याला का चालावी? शिवाय अहिराणी लिहिणारा पुढच्या ओळीत मराठी लिहिणारच आहे. त्याची मराठी कुठं जात नाही. जनगणनेच्या हिशेबातही मालवणी कोकणीच्या गटात आणि अहिराणी खान्देशीच्या गटात आधीपासूनच वेगळी आहे. दक्षिण कोकणात घराघरांत मालवणी ऐकू येते, पण 2011 मध्ये मातृभाषा मालवणी असं सांगणारे पन्नास हजारही नव्हते. खोटं लिहून आपण फक्त आपल्याच घराची चुकीची नोंद ठेवतो.

2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा निर्णय झाला. 16 एप्रिलचा आदेश निघाला, 17 जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि राज्यभर विरोध झाल्यावर 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या विरोधात मीही होतो. आपण काय म्हणत होतो? सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या घरच्या भाषेतूनच शिकू द्या, परकी भाषा एवढ्या लवकर लादू नका. हा युक्तिवाद मला शंभर टक्के पटतो. आणि तो पटतो म्हणूनच तो मला अर्ध्यावर सोडवत नाही. साक्री तालुक्यातल्या सहा वर्षांच्या पोराची घरची भाषा अहिराणी आहे. मेळघाटातल्या मुलीची कोरकू आहे. भामरागडच्या मुलाची माडिया आहे. त्यांच्यासाठी पहिलीच्या पुस्तकातली प्रमाण मराठी ही पहिली भाषा नव्हे. मराठीच्या बाजूनं आपण जे मागितलं, ते मराठीच्या छत्राखालच्या या मुलांसाठी मागायला आपल्याला जड का जातं?

म्हणजे शाळा अहिराणीत भरवा, असं मी म्हणत नाही. माझ्या मुलीनं, गावच्या भाच्यांनी प्रमाण मराठी उत्तम शिकावी असंच मला वाटतं. मी हे लिहितो आहे तेही त्याच मराठीत, आणि ती मला परकी वाटत नाही, फार जवळची वाटते. तिच्यामुळं मला कोल्हापूरचा, चंद्रपूरचा, सावंतवाडीचा माणूस वाचतो. पहिली-दुसरीच्या बाईंनी मुलांचे शब्द फळ्यावर लिहावेत, डोया आणि डोळा शेजारी शेजारी, आणि एका शब्दावरून दुसऱ्यावर मुलांना हाताला धरून न्यावं, इतकीच अपेक्षा आहे. खान्देशातले कितीतरी शिक्षक हे आपसूक करतात, पण पर्यवेक्षणाला साहेब आले की थांबवतात. त्यांना ते चोरून करायला लागू नये. आणि त्यासाठी वर्गात किती मुलं कोणती भाषा घेऊन येतात, याची खरी नोंद सरकारदरबारी असायला हवी. सगळ्यांनी मराठी लिहिलं तर वर्गात तशी मुलं नाहीतच, असा त्याचा अर्थ होतो.

अहिराणीला आज मान नाही असं कुणी म्हटलं की लगेच यूट्यूब दाखवतात. अहिराणी गाणी लाखोंनी बघितली जातात, हे खरं आहे. लग्नाच्या डीजेवर ती वाजली की पुण्यात वाढलेली पोरंही नाचतात. मला त्याचा आनंद आहे. पण दोन गोष्टींसाठीच अहिराणीला आत घेतलं जातं, नाचायला आणि हसायला. प्रहसनात गावंढळ नवरा अहिराणी बोलतो आणि तालुक्याचा साहेब प्रमाण मराठी बोलतो, हा साचा आमचेच कलाकार आमच्यासाठी चालवतात. पीकविम्याची माहिती, दवाखान्यातली सूचना, ग्रामसभेचा ठराव अहिराणीत ऐकू आला, तर माझ्या आईला आपली भाषा लिहायची असू शकते असं वाटेल.

हे सगळं दुसऱ्यांना सांगताना एक गोष्ट कबूल केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शहाद्याच्या बाजारात सातपुड्यातला पावरा माणूस येतो तेव्हा तो आमच्याशी मोडक्या अहिराणीत बोलतो. मोठी भाषा तिथं आमची आहे. आणि आम्ही हसतो. मी हसलेलो आहे. कॉलेजात असताना मित्राच्या दुकानात बसलो होतो, एक म्हातारा बियाणं मागत होता, त्याचा शब्द आम्हाला कळेना, मित्रानं त्याची नक्कल केली आणि मी खळखळून हसलो. म्हातारा गप्प झाला आणि नुसतं बोटानं पाकीट दाखवायला लागला. ते बोट आठवलं की मला माझी पाचवी आठवते. पुण्याकडून जे आमच्याकडे आलं, तेच आम्ही डोंगराकडे पाठवलं. म्हणून अहिराणीची मागणी करणाऱ्यानं ती पावरीसाठी, मावचीसाठी आधी करावी. नाहीतर आपल्याला फक्त रांगेत एक जागा पुढं सरकायचं असतं.

यंदाची जनगणना मोबाइलवर होणार आहे. स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय आहे. म्हणजे गावोगावचे अर्ज बरेचदा घरातली शिकलेली पोरं भरतील, आईला काही न विचारता, खाली वाकून भराभर. मातृभाषेपाशी आल्यावर त्यांचा अंगठा मराठीवर जाईल, कारण ती वर दिसेल आणि सवयीची आहे. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की तिथं क्षणभर थांबा आणि आईला हाक मारा. ती ज्या भाषेत ओ देईल, ती लिहा.

आमच्या घरचा अर्ज मीच भरणार आहे. आईची मातृभाषा अहिराणी लिहीन. तिला विचारून लिहीन, कारण तो तिचा रकाना आहे आणि ती पुन्हा मराठी म्हणाली तर बसून बोलावं लागेल. माझीही अहिराणी. बायको कोल्हापूरची, तिची मराठी. मुलीशी तिची आई मराठीत बोलली, म्हणून मुलीची मातृभाषा मराठी, त्यात वाद नाही. अडचण तिच्या पुढच्या ओळीत आहे. येणाऱ्या इतर भाषांत तिच्यासाठी हिंदी आणि इंग्रजी सहज लिहिता येतात. अहिराणी लिहायची तर ती यायला हवी. फोनवर आजी तिच्याशी बोलते तेव्हा आजी मराठीत बोलते, एकेक शब्द जपून, चुकू नये म्हणून. "जेवली का बाळा," असं म्हणते. बाळातला ळ ती मुद्दाम, जिभेवर जोर देऊन उच्चारते. मला फोनवर घेतलं की मगच तिचा श्वास मोकळा होतो आणि ती "काय करी राहिना?" म्हणते. गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, पोरीशीही असंच बोल ना. ती म्हणाली, तिले समजाव नही. समजणार नाही तिला.

उन्हाळ्यात मुलीला महिनाभर गावी ठेवायचं ठरवलं आहे. आईला सांगून ठेवलंय की तिच्याशी मराठीत बोलायचं नाही.